फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई तू म्हणालीस, "अगं चाळिशीला आलीस, आता परीक्षा कसली देतेस, पोराचा अभ्यास घे," आणि मागून बाबा म्हणाले, "प्रमोशन आहे का त्यात विचार तिला," आणि मी हो-नाही काहीतरी करून फोन ठेवला कारण गॅसवर कुकर होता आणि खरं सांगायचं तर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंच. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. आज नाइट करून आलेय, झोप येत नाहीये, भांडुपला पाऊस नुसता धो धो, म्हणून लिहायला बसले. बाबा, मोबाईलवर अक्षर मोठं करून घ्या आणि आईला वाचून दाखवा, ऑपरेशननंतर तिने स्क्रीनकडे बघायला नको.

ही बायोइन्फॉर्मेटिक्सची परीक्षा आहे, म्हणजे काय ते पुढे सांगते. प्रमोशन नाही. पगार एका रुपयाने वाढणार नाही, उलट परीक्षेची हजार रुपये फी मीच भरलीय. तरी मला हे करायचंय, आणि का ते कळायला तुम्हाला एक रात्र सांगावी लागेल जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही, तुम्ही उगाच काळजी कराल म्हणून.

तीन वर्षं झाली त्याला. रात्री अडीचच्या सुमारास डिलिव्हरीच्या पेशंटचं सॅम्पल आमच्या ब्लड बँकेत आलं, ब्लीडिंग थांबत नव्हतं, रक्त तातडीने हवं होतं. कार्डावर ओ पॉझिटिव्ह, मी ग्रुप केला तर मलाही ओच दिसला. मग क्रॉसमॅच लावला, म्हणजे बॅगेतल्या पेशी आणि पेशंटचं सीरम, म्हणजे पेशी काढल्यावर उरलेलं रक्ताचं पाणी, एकत्र करून बघायचं पटतंय का. गुठळी झाली म्हणजे नाही पटलं. पहिली बॅग, गुठळी. दुसरी, गुठळी. ओच्या पाच बॅगा लावल्या, पाचही नळ्यांच्या तळाला घट्ट लाल गोळा, हलवला तरी सुटेना. वॉर्डबॉय खिडकीत येऊन उभा. मग मी फ्रिजमधून अँटी-एच काढलं, पेशींवरचा एच नावाचा पदार्थ ओळखणारं औषध, आणि तिच्या पेशींवर घातलं. साध्या ओ माणसाच्या पेशी अँटी-एचने सगळ्यात जोरात गोळा होतात. तिच्या नळीत काहीच झालं नाही. नळी तिरपी केली तर पेशी तळावरून धुरासारख्या वर उठल्या, एक कण जमला नाही. एवढ्या वर्षांत फक्त पुस्तकात वाचलेलं माझ्या हातात होतं, बॉम्बे ग्रुप.

बाबा, हा गट आपल्या मुंबईतच सापडला, १९५२ साली, डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, म्हणून जगभरच्या पुस्तकांत त्याला बॉम्बे म्हणतात. आपल्या सगळ्यांच्या लाल पेशींवर एच नावाचा पाया असतो, त्यावर ए किंवा बी चढतो, काही नाही चढलं तर ओ. या माणसांच्या पेशींवर तो पायाच नसतो. म्हणून साध्या टेस्टमध्ये ती ओ दिसतात पण ओचं रक्त दिलं तर त्यांचं शरीर त्यातल्या एचवर तुटून पडतं. त्यांना फक्त बॉम्बेचंच रक्त चालतं आणि आपल्या देशात साधारण दहा हजारांत एखादाच असा. आधी तिच्या भावाला बोलावलं कारण सख्ख्या भावंडांत चारात एक शक्यता असते, तो जुळला नाही. मग फोनाफोनी, आणि पहाटे वसईहून पहिल्या लोकलने एक रिक्षाचालक आला, शर्टाची बाही वर करतच आत शिरला. तोपर्यंत डॉक्टरांनी तिला कसं धरून ठेवलं त्यांचं त्यांना माहीत. बाई वाचली, बाळही बरं होतं, आणि मी त्या दिवशी परळहून घरी येताना गाडीत रडले.

पण त्यानंतर एक गोष्ट डोक्यातून जाईना. नळी मला "नाही" एवढंच सांगते. का नाही, ते सांगत नाही. मी हजारो नळ्या बघितल्या असतील, डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, केल्यापासून हेच काम, आणि त्या "का"पर्यंत मी कधी गेलेच नव्हते. तो "का" जीनमध्ये लिहिलेला असतो आणि तो मजकूर कॉम्प्युटरवर वाचायला शिकणं म्हणजे बायोइन्फॉर्मेटिक्स. आपल्या बहुतेक पेशींत जवळजवळ ३०० कोटी अक्षरांचा मजकूर असतो, अक्षरं चारच, ए, सी, जी आणि टी. पहिल्यांदा तो वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं लागली, कितीतरी देशांचे लोक राबले, आणि आज तो कुणालाही फुकट उघडता येतो, भांडुपच्या वन आरकेमधूनसुद्धा.

यात मी एक चूक केली ती आधी कबूल करते. आई, दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तू माझ्या हातात वीस हजार ठेवले होतेस, कानातलं कर म्हणून. मी कानातलं केलं नाही. एका ऑनलाइन क्लासला भरले, वर माझे पंधरा घातले. सहा महिन्यांत जॉब गॅरंटी म्हणाले होते, आणि मिळाले फक्त जुने रेकॉर्डेड व्हिडिओ, शंका विचारली तर चार-चार दिवस उत्तर नाही, शेवटी फोन उचलणंच बंद केलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही. आता सांगितलं, रागाव पण मनात ठेवू नकोस.

आत्ताचा कोर्स तसा नाही. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आहे, आयआयटी मद्रासच्या सरांचा, बारा आठवडे, शिकायला पैसे नाहीत, फक्त परीक्षेला बसायचं तर फी, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची, पंचाहत्तर मार्कांची, उरलेले पंचवीस दर आठवड्याच्या असाइनमेंटचे. लेक्चर मी घरी वायफायवर डाउनलोड करते आणि लोकलमध्ये ऐकते. परळला चढल्यावर उभंच राहायला लागतं, घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरल्या की तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळते, तेवढ्या पंधरा मिनिटांत वहीत टिपून घेते. रात्री पोरगा झोपला की अकरा ते साडेबारा. तुमचा जावई ओटा आवरतो, खरंच आवरतो, आई तू हसू नकोस.

आता बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी.

आठवतंय, गिरगावच्या प्रेसमधून तुम्ही गॅली प्रूफं घरी आणायचात, वरचे चार पैसे मिळायचे म्हणून? मी मूळ कॉपी मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा तोंडाने म्हणायची, आणि तुम्ही प्रूफवरून बोट फिरवायचात. एखादा शब्द गळला की तुम्ही "थांब" म्हणायचात, हंसपदाची खूण करायचात, आणि पुढचं परत बरोबर जुळायचं. तिसऱ्या आठवड्यात सरांनी अलाइनमेंट शिकवलं आणि मी गाडीत उभ्या उभ्या थबकलेच कारण ते हेच होतं. दोन जीनचे मजकूर एकाखाली एक ठेवायचे, अक्षर जुळलं तर गुण, नाही जुळलं तर गुण वजा, एखादं गळलंय असं धरून जागा सोडली तर त्याचेही वजा, आणि सगळ्यात जास्त गुण देणारी जुळणी ती खरी. नीडलमन आणि वुन्श या दोघांनी १९७० साली ही पद्धत मांडली. माझ्या वर्गातल्या मुलांना, म्हणजे ऑनलाइन आहेत सगळी, बरीचशी माझ्याहून वीस वर्षांनी लहान, त्यांना जागा का सोडायची हे कळायला वेळ लागला. मला एका मिनिटात कळलं. मी ते नऊ वर्षांची असताना तुमच्या मांडीला मांडी लावून शिकले होते.

मग मी आधी काय केलं असेल तर एच बनवणारा जीन उघडला. एफयूटी१ त्याचं नाव, १९ नंबरच्या गुणसूत्रावर असतो. आपल्याकडच्या बॉम्बे ग्रुपच्या लोकांत जो बदल सापडला तो ७२५व्या अक्षराला, टीच्या जागी जी. म्हटलं चांगल्या माणसाच्या जीनमध्ये तिथे टी आहे का बघू तरी. फाइल घेतली, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन ओळी लिहिल्या, ७२५वं अक्षर काढ. टी नाही आला. परत केलं, तेच. दीड वाजेपर्यंत बसले, पेन्सिलने कागदावर दहा-दहाचे गट पाडून मोजलं, तरी नाही. झोपले पण झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला गाडी अडकली होती रुळावर पाणी आल्याने, तिथे उभं असताना डोक्यात आलं की बाबा पुस्तकाचं पान एक कुठून धरायचे? कव्हरपासून नाही. अर्पणपत्रिका, प्रस्तावना, अनुक्रमणिका सोडून मजकूर सुरू होतो तिथून. जीनचंही तसंच असतं, खऱ्या मजकुराआधी एक तुकडा असतो ज्याचं प्रोटीन बनत नाही, मोजायचं ते एटीजी या तीन अक्षरांपासून, आणि फाइलमध्ये ते कुठून सुरू होतं लिहिलेलंही असतं, मीच वाचलं नव्हतं. शिवाय पायथन पहिल्या अक्षराला एक म्हणत नाही, शून्य म्हणतो, म्हणजे ७२५वं हवं तर ७२४ मागायला लागतं. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी लॅपटॉप उघडला. दोन्ही चुका सुधारल्या. टी आला.

बाबा, एवढंसं एक अक्षर. या जीनपासून ३६५ अमिनो आम्लांची साखळी बनते, तेच एच बनवणारं एन्झाइम, त्या एका अक्षराने २४२व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन बसतं. ल्युसिन पाण्यापासून लांब राहणारं, आर्जिनिनवर विजेचा भार, त्यामुळे ते एन्झाइम काम करत नाही, एच बनत नाही, आणि रात्री अडीच वाजता माझ्या हातातली नळी धुरासारखी होते. आईवडील दोघांकडूनही तसाच जीन आला तरच हे होतं, एकाकडूनच आला तर माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. तुम्ही म्हणायचात ना, प्रुफातली एक वेलांटी सुटली की हजार प्रतींत तीच चूक जाते. मला त्या रात्री तुम्हाला उठवून फोन करावासा वाटला होता.

आणि हे फक्त माझ्या समाधानासाठी आहे असंही नाही. आमच्याकडे थॅलेसेमियाची मुलं येतात, ज्यांच्या अंगात रक्त नीट बनत नाही, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला, काही अगदी तान्ही असल्यापासून. ए, बी, ओ आणि आरएच सोडूनही रक्तगटांच्या चाळीसहून जास्त सिस्टिम आहेत, त्या आपण रोज जुळवत नाही, त्यामुळे यातल्या काही मुलांच्या अंगात हळूहळू दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि मग त्यांना रक्त मिळवणं अवघड होऊन बसतं. त्यांचा पूर्ण ग्रुप नळीत काढायला गेलं तर नळीत चार दात्यांच्या पेशी मिसळलेल्या, खरं काय ते कळत नाही. पण त्या मुलाचा जीन वाचला तर त्याचं स्वतःचं काय ते कळू शकतं. आमच्याकडे ही सोय आज नाही. उद्या आली तर त्या मशीनमधून जी फाइल बाहेर पडेल ती वाचणारं कुणीतरी खाली ब्लड बँकेत असायला हवं, आणि ते मी असावं असं मला फार मनापासून वाटतं. एक मुलगी आहे आठ वर्षांची, सुई टोचताना माझ्याच हाताला घट्ट धरते. तिचा चेहरा समोर असतो लेक्चर ऐकताना.

लॅपटॉप जुनाच आहे, पूर्ण जीनोमची फाइल उघडायला गेले तर बंदच पडला, पण मोठं काम परदेशातल्या सर्व्हरवर फुकट करून देणारं गॅलेक्सी म्हणून आहे, त्यावर भागतं. नवीन घेऊ नका, पैसे पाठवू नका. हे आधीच सांगते.

आणि बाबा, वयाचं म्हणाल तर मला प्रेसमध्ये ऑफसेट आलं ते वर्ष आठवतं. छपाईचे खिळे भंगारात वजनावर गेले, तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तेव्हा तुम्ही चव्वेचाळीसचे होतात. मग तुम्ही पुठ्ठ्यावर पट्टी घेऊन मराठी कीबोर्ड काढलात, कुठलं बटण कुठलं अक्षर, आणि रोज रात्री चाळीत चौरंगावर तो पुठ्ठा ठेवून बोटं चालवायचात, आवाज नाही, समोर काही उमटत नाही, तरी तास-तास. आई म्हणायची झोपा आता. तीन महिन्यांनी डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या जुळणीला, तुमचीच बोटं सगळ्यात जलद होती. पोटमाळ्यावर तो पुठ्ठा असेल तर फेकू नका.

गणपतीला यंदा पाच दिवस जमणार नाही. डेंग्यूचे दिवस, प्लेटलेटला मागणी, त्यात कोकणातले सगळेच रजेवर, आणि परीक्षेच्या आधी मला चार सुट्ट्या राखून ठेवायच्यात. जावई आणि नातू आधी येतील, मी आदल्या रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने येते, कणकवलीला न्यायला पाठवा कुणाला तरी. तीन दिवस आहे, मोदक वळायला आहेच. येताना एक प्रिंट आणणार आहे बाबा, दोन ओळी एकाखाली एक, वरची साध्या माणसाची आणि खालची बॉम्बे ग्रुपची. यावेळी तुम्ही वाचा, मी बोट फिरवते. तेवढा चष्म्याचा नंबर तपासून घ्या तोपर्यंत, मागच्या खेपेलाही राहिला होता.

तुमची,
लेक

ता. क. आई, डोळ्यांत ड्रॉप्स दिवसातून चार वेळा, विसरू नकोस. आणि कानातल्याचं बाबांना आधी सांगू नकोस असं म्हणणार होते, पण वाचून तेच दाखवतायत.