आहाराचा खेळ, बक्षिसाला चॉकलेट?

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या शाळांना आहाराच्या खेळांची पेटी मिळेल, असं आश्वासन होतं. या आठवड्यात ती आली. पत्त्यांवर ब्रोकोली आहे, ॲव्होकाडो आहे; गिलकी (घोसाळी), मेथी, मुगाची उसळ नाही. ज्यावर इथल्या मुलाची सकाळ सुरू होते ते पोहे-जिलबी नाहीत. आणि जिंकणाऱ्याला चॉकलेट! अहो, भाजीच्या खेळात गोड बक्षीस ठेवलं की मूल गोडाचीच किंमत शिकतं.

या खेळाला कंत्राट लागत नाही. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून चोवीस पत्ते करा, चित्रं मुलंच काढतील. फरशीवर खडूने ताट आखा: अर्धं भाज्या-फळांचं, पाव धान्याचं, पाव डाळी-कडधान्यांचं. प्रत्येकाने पाळीने पत्ता ठेवायचा आणि कारण सांगायचं. पाळी नसली की दोन हुशार मुलं उत्तरं देतात, बाकीची बघत बसतात. खरं भांडण बटाट्यावरून होतं. मुलं तो भाजी म्हणून ठेवतात, पण त्यातल्या पिष्टामुळे तो धान्याच्या घरात जातो. पोहेही तिथेच, मग मुलांनीच ठरवायचं, वर मूठभर शेव की मोड आलेले मूग? लिंबू तर हवंच, त्याने पोह्यातलं लोह अंगी लागतं.

शेवटी पत्त्यावरच्याच एखाद्या भाजीचा एक घास, जबरदस्ती न करता. नवी चव रुळायला आठ-दहा वेळा तरी चाखावी लागते. आपण वर्षातून एकदा पोषण माह, म्हणजे आहाराचा सरकारी महिना, साजरा करता, फोटो काढता आणि पेटी कपाटात जाते! इथलं बालवाडीतलं मूलही ओला कचरा-सुका कचरा वेगळा सांगतं, कारण कचऱ्याची गाडी रोज दारात येते; रोजचं असतं तेच अंगवळणी पडतं.

आणि खेळून झाल्यावर ताटात काय? प्राथमिकच्या मुलाला दुपारच्या जेवणात 50 ग्रॅम भाजी आणि 20 ग्रॅम डाळ, हा आपलाच नियम. डाळीत डाळ शोधावी लागते. फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, हा 2020 चा नियम. फाटकालाच कुरकुऱ्यांच्या माळा लटकतात. नियम करणारे दिल्लीत, छापणारे भोपाळमध्ये, मोजणारा कोणीच नाही. उपाशी पोटी मुलांनी कागदावरची भाजी किती दिवस ओळखायची?

चॉकलेटं परत न्या. त्या पैशांत प्रत्येक शाळेला एक वजनकाटा द्या आणि दुपारची भाजी मुलांसमोर तोलायला लावा. तोलण्याचाही खेळ आम्ही करू.

इंदूरच्या शाळांत हे खेळ घेणारे कार्यकर्ते