गुडघेदुखीला नुसते ‘चाला’ म्हणून भागत नाही

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गुडघ्यांच्या झिजेविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. शस्त्रक्रिया, इंजेक्शने आणि आहार यांविषयी त्यात पुष्कळ तपशील होता; व्यायामाच्या वाट्याला मात्र ‘नियमित चालावे व हलका व्यायाम करावा’ एवढे एकच वाक्य आले. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांना याहून अधिक कोणी काही सांगितलेले नसते, म्हणून हे पत्र. (संधिवात हा शब्द आपल्याकडे अनेक आजारांसाठी वापरतात. मी लिहिते आहे ते वयानुसार होणाऱ्या झिजेच्या संधिवाताबद्दल, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल. आमवाताचे गणित वेगळे आहे.)

गुडघा यंत्राच्या सुट्या भागासारखा वापराने झिजतो, त्यातले वंगण संपते, म्हणून तो जपून आणि कमीत कमी वापरावा, ही समजूत घरोघरी आहे. पण ती खरी नाही. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला (गुळगुळीत, लवचिक आवरणाला) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते आणि तो द्रव कूर्चेत खेळता राहतो तो सांध्यावर भार पडण्याने आणि सुटण्याने, म्हणजेच हालचालीने. शिवाय, एक्स-रेमध्ये दोन हाडांमध्ये दिसणारी ‘गॅप’ आणि प्रत्यक्षातली वेदना यांचा मेळ बसतोच असे नाही. फिल्म वाईट दिसणारी व्यक्ती गड चढून येते आणि फिल्म बरी असणाऱ्या व्यक्तीला बसस्टॉपपर्यंत जाववत नाही. दुखते म्हणून हालचाल कमी केली की मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो, पावलागणिक बसणारा हिसका तो पेलेनासा होतो, सांध्यावरचा ताण वाढतो आणि दुखणेही वाढते. हे चक्र नुसत्या विश्रांतीने तुटत नाही.

म्हणूनच स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामाबद्दल आधी लिहिते, कारण आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष त्याचेच होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, हा व्यायाम बहुतेकांना माहीत असतो. सुरुवातीला तो उत्तमच आहे, पण वर्षानुवर्षे तेवढेच करत राहिले तर स्नायूला पुढे काही करण्याचे कारणच उरत नाही. त्यानंतर खुर्चीत बसून पाय सरळ करणे, मग घोट्याला वजनाचा पट्टा बांधून तेच करणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून सावकाश उठणे आणि त्याहून सावकाश बसणे, पुढे कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतार करणे, अशी चढती भाजणी हवी. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम गुडघ्याशी संबंध नसल्यासारखा वाटतो. परंतु चालताना कंबर एका बाजूला झुकू न देण्याचे काम नितंबाच्या ज्या स्नायूंकडे असते, ते त्याने बळकट होतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस हे व्यायाम केले तरी चालतात, रोज करण्याचा अट्टहास नको. त्याचबरोबर जितके वजन जास्त तितका लाभ जास्त, असेही नाही. अमेरिकेत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, गुडघ्याची झीज असलेल्यांना जड वजनांचे व्यायाम दिल्याने हलक्या वजनांपेक्षा वेदनेत अधिक फरक पडला नाही. जिममधील उत्साही प्रशिक्षकांनी साठीच्या सदस्यांबाबत हे ध्यानात ठेवलेले बरे.

चालण्याला मी कमी लेखत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2025 साली प्रसिद्ध झालेल्या, 217 चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात गुडघ्याच्या झिजेवर वेगवेगळ्या प्रकारच्या व्यायामांची तुलना केली गेली, आणि चालणे, सायकल, पोहणे अशा दमश्वास वाढवणाऱ्या व्यायामांचा क्रमांक वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत वरचा लागला. गुडघेदुखीत वजनाचाही वाटा असतो. अमेरिकेतीलच 2005 च्या एका अभ्यासात असे आढळले की, स्थूल रुग्णाचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तरीही केवळ व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, त्याला ताटाचीही साथ लागते. ज्यांना सलग अर्धा तास चालवत नाही त्यांनी दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करावेत. फायदा जात नाही. चालणे अगदीच सोसत नसेल त्यांनी स्थिर सायकल घ्यावी, मात्र सीट उंच ठेवावी. ती खाली असली की पॅडल वर येताना गुडघा फार मुडपतो आणि दुखतो, मग ‘सायकल मला मानवत नाही’ असे म्हणून सायकल कपडे वाळत घालण्याच्या कामी येते.

पाण्यातील व्यायाम हा ज्यांचे वजन जास्त आहे किंवा दुखणे तीव्र आहे त्यांच्यासाठी फार सोयीचा आहे, कारण कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले तरी पायांवर शरीराचा साधारण निम्माच भार येतो. त्यासाठी पोहता येण्याची गरज नाही, पाण्यातून पुढे-मागे चालणे पुरते. अडचण आहे ती तलावांची. पाण्यात उतरायला उभी लोखंडी शिडी, सकाळच्या बॅच मुलांच्या आणि सरावाच्या, अशा ठिकाणी गुडघे दुखणारी सत्तरीची बाई जाणार कशी? नगरपालिकांनी दुपारचा एखादा तास ज्येष्ठांसाठी राखून ठेवावा आणि एका बाजूला कठड्याच्या पायऱ्या कराव्यात, तर फार खर्च येणार नाही. बागांमधील ओपन जिमचीही तीच कथा आहे. यंत्रे बसवली जातात, परंतु कोणी कोणते वापरावे हे सांगायला माणूस तर सोडाच, साधा मराठी फलकही बहुधा नसतो.

योगासनांबद्दल लिहिताना मला थोडे सावध व्हावे लागते, कारण त्यांच्यावर आपली श्रद्धा आहे आणि ती अस्थानीही नाही. संथ, तोल सांभाळत केलेल्या हालचालींचा या दुखण्यात उपयोग होतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील 204 रुग्णांवरील चाचणीत ताई ची हा चिनी व्यायामप्रकार नेहमीच्या फिजिओथेरपीइतकाच गुणकारी ठरला. मात्र वज्रासन, पद्मासन आणि मलासन यांत गुडघा पूर्ण मुडपला जातो, आणि सुजलेल्या, दुखऱ्या गुडघ्याला ते सोसत नाही. ‘सवयीने जमेल’ असे सांगून ज्येष्ठांना वज्रासनात बसवणारे वर्ग आजही भरतात, आणि रथसप्तमीच्या सुमारास सूर्यनमस्कारांच्या आकड्यांची चढाओढ लागली की माझ्याकडची गर्दी वाढते. याउलट पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी रुजवलेल्या पद्धतीत खुर्ची, पट्टा, लोड आणि भिंत यांचा आधार घेऊन आसने केली जातात. त्या आधारांत कमीपणा मानण्याचे कारण नाही. उभ्याने, खुर्चीच्या पाठीला धरून केलेले वीरभद्रासन अनेकांना छान जमते.

गुडघा अचानक दगा देतो, जिना उतरताना पाय लटपटतो, अशी तक्रार असणाऱ्यांना तोलाचे व्यायाम हवेत. ओट्याला हात टेकून एका पायावर काही सेकंद उभे राहणे, एका रेषेत पावले टाकणे, यांनी सुरुवात करता येते. पोटऱ्या आणि मांडीची मागची बाजू ताणण्याचे व्यायाम गुडघा पूर्ण सरळ होण्यासाठी आवश्यक आहेत, पण तेवढ्यावर थांबू नये.

बहुतेक जण व्यायाम सोडतात ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, दुखते म्हणून. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे सर्व रुग्णांना व्यायाम सुचवतात आणि सुरुवातीला दुखणे किंवा अस्वस्थता वाढू शकते, हे रुग्णाला आधीच समजावून सांगण्यास बजावतात. मी रुग्णांना असे सांगते, की व्यायाम करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत झाले तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले किंवा सूज आली तर व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण कमी करा. सांधा लाल व गरम झाला असेल, ताप असेल किंवा पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

व्यायामाने झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने 2024 मध्ये 139 चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा व्यायामाचा सरासरी फायदा माफकच आढळला. पण पर्याय काय आहेत तेही पाहावे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 156 रुग्णांवरील चाचणीत, वर्षअखेरीस फिजिओथेरपी घेतलेल्यांची स्थिती सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा चांगली होती. डेन्मार्कमधील 2015 च्या अभ्यासात सांधा बदललेल्यांना अधिक आराम पडला हे खरेच, परंतु ज्यांना शस्त्रक्रिया न करता व्यायाम, आहार, मार्गदर्शन आणि वेदनाशामके यांसारखे उपचार दिले त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना त्या वर्षभरात शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. त्याच देशात 2013 पासून माहितीची दोन सत्रे आणि देखरेखीखालील व्यायामाची बारा सत्रे, असा ठरावीक कार्यक्रम रुग्णांना दिला जातो. आपल्या जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट असतात. आठवड्यातून दोनदा, दहा-बारा जणांचा गट करून असे वर्ग तिथे चालवता येतील.

डॉक्टर मंडळींना विनंती अशी, की गोळ्यांच्या चिठ्ठीवर व्यायामाचा प्रकार, आठवड्यातील दिवस, किती वेळा आणि केव्हा वाढवायचा हेही लिहावे किंवा रुग्णाला ते सांगणाऱ्याकडे पाठवावे. आणि आपल्याला विनंती अशी, की पुरवणीत दर आठवड्याला एक व्यायामप्रकार छायाचित्रांसह द्यावा व तो कोणी टाळावा हेही छापावे. छायाचित्रांत कृपया विशीतील मॉडेल नकोत. नऊवारीतील किंवा सलवार-कुर्त्यातील, खुर्चीला धरून उभ्या असलेल्या आजी असाव्यात. मजकूर तपासून देण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक, सातारा