पाण्यात सुरकुतणारी बोटे आणि दोन प्रकारचे च

खानापूर, जि. बेळगाव
२० जुलै

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू एकामागून एक जे प्रश्न विचारलेस, त्यांची उत्तरे मी मुद्दामच तेव्हा दिली नाहीत. फोनवर घाईघाईने दिलेले उत्तर कानाला पटते, माणूस तेवढ्यावर समाधान मानतो आणि त्या उत्तराची पारख करायची राहून जाते. असले प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून वर्गात बाजूला सारले जातात, हे तू सांगितलेस त्याचे मला वाईट वाटले. इतकी वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवताना माझा अनुभव असा आहे की, पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरे मुलांना आधीच छापून मिळालेली असतात. कारण कसे शोधावे आणि सापडलेले कारण खरे की नुसतेच सोयीचे हे कसे ओळखावे, हे कळते ते तुझ्यासारख्या प्रश्नांतून. म्हणून हे पत्र सावकाश वाच.

पाण्यात फार वेळ राहिले की बोटांना सुरकुत्या का पडतात, हा तुझा पहिला प्रश्न. आपल्याकडे सध्या नट्टीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आहेत. सकाळपासून चिखलात रोपे लावणाऱ्या बायका दुपारी बांधावर भाकरी खायला बसतात, तेव्हा त्यांची बोटे पाहावीत. टोकांना खोल घड्या पडलेल्या असतात आणि हात कितीही धुतले तरी त्या घड्यांत चिखलाची बारीक रेघ राहते. कोणालाही विचारले तर उत्तर एकच मिळते: कातडी पाणी पिऊन फुगते, तिला पसरायला जागा उरत नाही, म्हणून तिच्या घड्या पडतात. हे उत्तर ऐकायला अगदी सरळ आहे आणि अनेक जण ते आयुष्यभर बाळगतात. त्याची परीक्षा कशी घ्यायची, हे मला तुला दाखवायचे आहे.

तू म्हणशील की हाताची मागची बाजूही तितकीच भिजलेली असते, मग ती गुळगुळीत कशी? शंका योग्य आहे, पण तिने निकाल लागत नाही. तळहात आणि तळपाय यांच्या कातडीचा बाहेरचा मृत थर इतर जागांपेक्षा बराच जाड असतो, त्यामुळे तोच जास्त पाणी शोषतो असे म्हणून फुगण्याचा पक्ष आपला बचाव करू शकतो. ज्या निरीक्षणावर दोन्ही पक्ष सारखाच हक्क सांगू शकतात, त्याचा निवाडा करायला उपयोग होत नाही. कातडी तीच, पाणी तेच, आणि तरीही एका ठिकाणी सुरकुत्या व दुसऱ्या ठिकाणी नाहीत, असे काही सापडले तरच हा वाद मिटेल.

तसे उदाहरण आपल्याच शेतात आहे. वरच्या आळीतल्या ज्या काकी दरवर्षी आपल्याकडे लावणीला येतात, त्यांच्या तर्जनीला बऱ्याच वर्षांपूर्वी भातकापणीच्या वेळी विळा खोलवर लागला होता. जखम भरून आली, बोट व्यवस्थित वाकते, पण अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर राहिली. मागच्या आठवड्यात मी त्यांचे बोट हातात घेऊन नीट पाहिले. टोकाच्या एका अर्ध्या भागावर इतर बोटांसारख्याच दाट सुरकुत्या होत्या आणि बधिर अर्धा भाग कोरड्या हातासारखा सपाट होता. प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक मज्जातंतू टोकापर्यंत जातो. त्यांपैकी एक विळ्याने तुटला होता. कातडी नुसती पाणी शोषून फुगत असती, तर तिला खालच्या मज्जातंतूशी काय देणेघेणे असते?

डॉक्टरांच्या हे १९३०च्या दशकातच लक्षात आले होते. १९७३ मध्ये ओ'रिअन नावाच्या आयरिश शल्यचिकित्सकाने त्यावरून एक साधी तपासणीच सुचवली. हाताला इजा झालेल्या माणसाला, विशेषतः नेमके सांगता न येणाऱ्या लहान मुलाला, कोमट पाण्यात अर्धा तास हात बुडवून बसवायचे आणि सुरकुत्या कुठे पडत नाहीत ते पाहायचे, म्हणजे मज्जातंतू कुठे निकामी आहे त्याचा अंदाज येतो. पुढच्या संशोधनातून यामागची क्रिया स्पष्ट झाली. पाणी घामाच्या छिद्रांतून आत शिरते, तेथील क्षारांचे प्रमाण बदलते, आणि आपल्या इच्छेवर न चालणारे मज्जातंतू बोटाच्या टोकातील रक्तवाहिन्या आकुंचित करतात. आतला गर कमी होतो, वरची कातडी मात्र तेवढीच राहते आणि ठिकठिकाणी आत ओढली जाते. म्हणजे प्रचलित समजुतीच्या जवळजवळ उलट घडते: बोट आतून आक्रसते.

पण येथे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो, आणि तो पहिल्यात मिसळू देऊ नकोस. सुरकुत्या कशा पडतात हे कळले, म्हणून त्या कशासाठी पडतात हे कळले असे होत नाही. २०१३ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात माणसांना ओल्या गोट्या एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात टाकायला सांगितले, तेव्हा सुरकुतलेल्या बोटांनी ते काम लवकर झाले. कोरड्या गोट्यांच्या बाबतीत फरक पडला नाही. त्यावरून ओल्या वस्तूवर पकड बसावी यासाठी ही सोय असावी, असे अनुमान निघाले. दुसऱ्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनी तशाच प्रकारचा प्रयोग केला आणि त्यांना काहीच फरक आढळला नाही. २०२१ मध्ये पुन्हा इंग्लंडमध्ये पकडीचा जोर मोजला गेला, तेव्हा सुरकुतलेल्या बोटांना ओली वस्तू धरायला कमी जोर पुरतो असे दिसले. लावणी करणाऱ्या बायकांची पकड पाहून मला स्वतःला पकडीचे अनुमान पटते, पण माझे पटणे हा पुरावा नव्हे, आणि या बाबतीत अजून वाद आहे असेच तू वहीत लिहावेस.

मिरचीचे उत्तर यापेक्षा अधिक पक्के आहे. मिरची खाल्ल्यावर तोंडाची आग होते, पण तापमापक लावला तर जीभ तापलेली नसते, मग ही आग कुठून येते, असे तू विचारलेस. मिरचीत कॅप्सायसिन नावाचे द्रव्य असते. आपल्या तोंडातील आणि कातडीतील वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंवर एक प्रथिन असते, जे साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की मेंदूला भाजल्याची वर्दी देते. कॅप्सायसिन त्याच प्रथिनाला चिकटते आणि तापमान वाढलेले नसतानाही तीच वर्दी द्यायला लावते. अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखले आणि २०२१ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आता याची परीक्षा घे. हे खरे असेल, तर तिखट खाल्ल्यावर एरवी सोसवणारा चहा अधिक भाजल्यासारखा वाटला पाहिजे, कारण एकाच प्रथिनावर दोन्ही बाजूंनी भार पडतो. तसेच होते, हे तू कितीदा तरी अनुभवले आहेस. पाण्याने आग शमत नाही आणि दही-दुधाने शमते, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. पक्ष्यांमध्ये हेच प्रथिन कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरच्या सुखाने खातो आणि बिया दूरवर टाकून झाडाचे कामही करतो.

एक गैरसमज मात्र काढून टाक. तिखटपणा बियांत नसतो. आत बिया ज्याला चिकटलेल्या असतात, त्या पांढरट शिरांमध्ये तो तयार होतो, आणि बियांना त्यांच्या शेजारामुळे लागतो. आज्जी सांडगी मिरच्या करताना बियांबरोबर त्या शिराही खरवडून काढते, त्याचा परिणाम तू चाखलेला आहेस. रंग आणि तिखटपणा यांचाही परस्परांशी संबंध नाही, कारण ती दोन निरनिराळी द्रव्ये आहेत. हावेरीकडची ब्याडगी मिरची गर्द लाल असूनही सौम्य असते आणि आपल्या जिल्ह्यातल्या संकेश्वरची जहाल. म्हणूनच आपल्या घरच्या चटणीत दोन्ही पडतात, एक रंगासाठी आणि एक जिभेसाठी.

कांद्याचे थोडक्यात सांगते. चिरताना त्याच्या पेशी फुटतात, एरवी वेगवेगळ्या ठेवलेल्या गोष्टी एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा गंधकयुक्त वायू तयार होतो. हे काम एकाच विकराचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या एकाच प्रथिनाचे, आहे असे पुष्कळ काळ मानले जात होते. त्यासाठी आणखी एक स्वतंत्र विकर लागते, हे जपानमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. इतक्या रोजच्या गोष्टीचे कारण इतक्या अलीकडेपर्यंत अपुरे होते, याकडे मी तुझे लक्ष वेधते. ध्वनिमुद्रणात आपलाच आवाज परका का वाटतो, याचे कारण असे की बोलताना आपण स्वतःला हवेतून ऐकतो तसेच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, आणि हाडांतून खर्जातले स्वर अधिक येतात. मुद्रणात तो भाग नसतो. दोन्ही कान बोटांनी बंद करून गुणगुणून पाहा, म्हणजे तो वगळलेला भाग तेवढा स्वतंत्र ऐकू येईल.

आता तुझ्या खोलीतल्या शिवमोग्ग्याच्या मैत्रिणीविषयी. ती मराठी हौसेने शिकते, पण चहातला च आणि चाकातला च तिला एकसारखेच ऐकू येतात, आणि तू कितीदा म्हणून दाखवलेस तरी फरक कळत नाही, असे तू म्हणालीस. उलट कन्नडमध्ये पीक या अर्थाचा आणि डाळ या अर्थाचा असे जे दोन शब्द आहेत, ज्यांत केवळ ए ऱ्हस्व की दीर्घ एवढाच भेद आहे आणि जे देवनागरीत दोन्ही बेळे असेच लिहावे लागतील, ते तुला सहज वेगळे ऐकू येतात; पुण्याच्या मावशीला मात्र येत नाहीत. कान तर सर्वांचे सारखेच, मग असे का, हा तुझा प्रश्न मला सर्वांत आवडला.

कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याचे उत्तर देतो, आणि योगायोग असा की त्यात आपल्या ओळखीचे त आणि ट हेच ध्वनी वापरले होते. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हिंदीतला त आणि ट यांतला फरक ऐकणे जड जाते. या दोघा संशोधकांनी इंग्रजी भाषक घरांतल्या तान्ह्या मुलांना एक अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवले. अक्षर बदलले की बाजूला एक खेळणे उजळून हालत असे, त्यामुळे फरक कळलेले मूल बदल होताच तिकडे मान वळवी. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांनी मान वळवली. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फार थोड्यांनी वळवली. हिंदी घरांतली मुले मात्र त्या वयातही फरक ओळखत होती. म्हणजे मूल सगळ्या भाषांच्या तयारीने जन्माला येते आणि पहिल्या वर्षातच, एकही शब्द धड बोलण्यापूर्वी, घरात कोणते भेद अर्थ बदलतात आणि कोणते बदलत नाहीत याची निवड करून टाकते.

तुझे ते वर्ष निम्मे घरात आणि निम्मे शेजारच्या कन्नड कुटुंबाच्या कट्ट्यावर गेले. तुला मांडीवर घेऊन तिथल्या अज्जी दिवसभर कन्नडमध्ये बोलत, आणि आपल्याकडे मराठी चालू असे; त्यामुळे तुझ्या कानांनी दोन्ही बाजूंचे भेद राखून ठेवले. सीमेवरच्या गावांत दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो असे सांगणारे लोक मला भेटतात, आणि मला त्यांचा राग येतो, कारण तुझ्यासारखी असंख्य मुले त्यांच्या डोळ्यांसमोर दोन्ही भाषा स्वच्छ बोलत असतात.

मैत्रिणीला हे आता जमणारच नाही, असा अर्थ मात्र काढू नकोस. जपानी प्रौढांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकू येत नाहीत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात त्यांना अनेक निरनिराळ्या माणसांच्या आवाजांत ते शब्द ऐकवून, प्रत्येक वेळी उत्तर चूक की बरोबर हे लगेच सांगितले, तेव्हा त्यांच्यात सुधारणा झाली. तू एकटीच तिला म्हणून दाखवतेस, म्हणून तिचे कान तुझ्या आवाजाशी अडकून राहत असावेत. वसतिगृहातल्या चार-पाच मराठी मुलींकडून शब्दांच्या जोड्या मोबाईलवर मुद्रित करून घे: संख्या सांगणारा चार आणि गुरांना चार यातला चार, थोडेसे या अर्थाचा जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा. लिपीत दोन्ही एकच दिसतात, त्यामुळे वाचून तिला काही मदत होणार नाही, हे या प्रयोगाच्या दृष्टीने चांगलेच आहे. क्रम उलटसुलट करून रोज थोडा वेळ ऐकव, तिचे उत्तर चुकले की तिथल्या तिथे सांग, आणि पहिल्या दिवसापासून नोंद ठेव, नाहीतर सुधारणा झाली की आपल्याला तसे नुसते वाटले हे ठरवता येणार नाही. शेवटी अशा एका मुलीचा आवाज ऐकव जिचे मुद्रण तिने पूर्वी कधीच ऐकलेले नाही. दिवाळीला येताना ती वही घेऊन ये. कोणत्या जोडीवर ती जास्त अडखळली ते मला पाहायचे आहे.

तुझी,
आई