आंजर्ल्याची पाऊणकी

आंजर्ले, माघ वद्य दशमी

प्रिय बाळ्या,

फोनवर सांगता आलं असतं, पण आम्ही उतरलोय त्या घरात रेंज फक्त पडवीत येते आणि पडवीत अण्णा असतो. दिवसभर. पाय उशीवर, उशी खुर्चीवर. म्हणून कित्येक वर्षांनी कागद घेतलाय. अक्षर लागेल तसं वाच.

पाय मुरगळल्याचं तुला कळलंच आहे, पण कसा ते त्यानं खरं सांगितलं नसणार. रेवसहून रेडीपर्यंत किनाऱ्यानं चालत जायचं म्हणून निघालो, ते इथवर सगळं धड पार पडलं होतं. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दोन्हीकडच्या फेरीबोटी वेळेवर मिळाल्या, केळशीच्या वाळूतही कुणी कुरकुरलं नाही. कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि गाडीरस्ता सोडून पाखाडीनं गावात उतरायला लागलो. जांभ्याच्या पायऱ्या, वर सुकलेली पानं, पाठीवर अकरा किलोची सॅक, आणि हा वळून मला सुवर्णदुर्ग दाखवतोय. ‘१७५५ साली पेशव्यांनी आणि इंग्रजांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतला,’ असं म्हणाला आणि ‘घेतला’वरच घोटा आत वळला. पायरी सुटी होती असं तो सगळ्यांना सांगतो. मी नंतर जाऊन बघून आलो. पायरी घट्ट आहे.

दापोलीला नेऊन फोटो काढला. हाड शाबूत, बाहेरच्या अंगाचं लिगामेंट ताणलेलं. बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंच, दोन दिवस टेकवायचा नाही, आणि चोळायचा तर अजिबात नाही. परत आलो तर घरच्या काकूंनी आंबेहळद उगाळून आणि तेल कोमट करून ठेवलेलं. लेप लावू दिला, चोळू दिलं नाही. त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होत्या. कुळथाची पिठी मात्र अण्णाला दोनदा वाढायच्या.

पहिले दोन दिवस मी शहाण्यासारखा वागलो. तिसऱ्या दिवशी हिशेब करायला बसलो आणि तिथं बिघडलं. रेडी गाठायला छत्तीस दिवस धरले होते, त्यात तीन हातचे. बिनपगारी रजा मी कशी मिळवली ते तुला माहीत आहे. आणि नुसते दिवस मोजूनही भागत नव्हतं. इथल्या आजोबांनी भरतीचा हिशेब शिकवला: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती. लहानपणी घोकलेली पाऊणकी आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली. अण्णा पडला तेव्हा द्वितीया होती. बे पाऊणे दीड, म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातला. मुरूड-कर्द्याची ओली, टणक वाळू अगदी गार वेळेला पायाखाली आली असती. पण भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते. अष्टमीला आठ पाऊणे सहा: सकाळी सहाला समुद्र काठाशी, वाळू मोकळी व्हायची ती भर दुपारी. त्यात भांगाची भरती-ओहोटी, म्हणजे पाणी धड आत जात नाही की बाहेर जात नाही. माझं वेळापत्रक कागदावर होतं तिथंच होतं, समुद्र मात्र पुढे निघून गेला होता.

त्या संध्याकाळी अण्णा म्हणाला, ‘तू हो पुढे. मी एसटीनं येऊन दाभोळला गाठतो.’ बाळ्या, मी लगेच ‘वेडा आहेस का’ म्हणायला हवं होतं. म्हटलंही, पण जरा उशिरा. तेवढ्यात आत काकूंनी कपबशा विसळून पालथ्या घातल्या, इतका उशीर. त्यानं ते ऐकलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बर्फ आणायला हर्णैला जायला लागलो. बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तिथं बर्फाला काय तोटा! गोणपाटात गुंडाळून देतात, सुरमईचा वास फुकट. घरी ‘रिक्षानं जातो’ असं सांगायचो आणि जायचो चालत. पूल ओलांडून, जाऊन येऊन, चांगलं झपाझप. एकदा तर मुरूडच्या वाळूत जाऊन आलो. आमच्या पुढच्या वाटेचा तुकडा मी त्याच्या नकळत चालून टाकत होतो. भूक असते ना, तसे पाय शिवशिवायचे. त्याची लाजही वाटायची आणि थांबवतही नव्हतं.

अण्णा काही बोलला नाही. तोही आपल्या कामात होता. पायाच्या अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायचा व्यायाम दिलाय, तो बाराखडी गिरवतो. ‘ढ’ला सगळ्यात दुखतं म्हणे. त्यावर मी काय बोललो असेन ते तुला सांगायला नको. (कासवांवरचा विनोदही झालाय. अंड्यांचा हंगाम आहे, गावात येणारा प्रत्येक जण तो करतो.) परवा पहाटे जाग आली तर हा काठी टेकत अंगणात येरझाऱ्या घालत होता, माझ्या चोरून. मीही झोपल्याचं सोंग घेतलं.

काल रात्री बर्फ लावताना म्हणाला, ‘रिक्षानं आणलास की बर्फ एवढा वितळत नाही रे.’

मी गप्प.

‘किती वेळा झालं हर्णै?’

‘पाच.’

‘मग सहाव्यांदा माझ्याबरोबर चल. हळू.’

एवढंच. मग दोघंही बराच वेळ हसलो, का ते माहीत नाही. काकू आतून बघायला आल्या.

उद्या निघतोय. फक्त हर्णैपर्यंत, दुपारी जेवून, कारण एकादशीची ओहोटी दोन-अडीचला आहे आणि झालंच बरं तर थोडं वाळूतही उतरता येईल. त्याची सॅक रिक्षानं पुढे पाठवायची, यावर तासभर वाद घालून मी जिंकलोय. पायऱ्या उतरताना अजून चेहरा आवळतो, सपाटीवर ठीक आहे. रेडी या खेपेला नाही. तो विजयदुर्ग म्हणतो, मी मनात जयगडच धरलंय, पण ते त्याला आत्ता सांगायचं नाही. तूही सांगू नकोस.

दाभोळहून धोपाव्याला बोटीनं उतरलो की गुहागर. तिथं दोन दिवस थांबू. जमव की रे. त्याचे घोट्यापर्यंतचे जुने बूट त्याच्या आईकडे माळ्यावर आहेत, ते घेऊन ये. आईला पायाचं बोलू नकोस, नुसते बूट माग.

तुझा,
दिन्या