आडनावांची प्रुफं तपासू नका

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला आडनावांच्या अर्थांवरचा लेख वाचला. लेख खुसखुशीत होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात प्रत्येक आडनाव आज जसं म्हणतात तसंच धरून, फोड करून अर्थ लावला होता. जुनी नोंद एकही नाही, साल एकही नाही. मी ३१ वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. काना-मात्रा-वेलांटीपलीकडे मला फार कळतं असा दावा नाही. मात्र याच कामाच्या सवयीपायी मी स्वतःच्या आडनावाचा शोध कसा बिघडवून ठेवला, ते सांगायलाच हवं.

निवृत्तीनंतर घरातली जुन्या कागदांची पेटी उघडली. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावात 'ळ' होता, एका खरेदीखतावर 'ल', आणि पणजोबांना आलेल्या एका पत्रावर शेवटचं अक्षरच वेगळं. हाताला खोड अशी, की वहीत उतरवताना तिन्ही ठिकाणी मी आजचं 'शुद्ध' रूप लिहून मोकळी झाले. वही कशी छान, एकसारखी दिसत होती! पुढे जुनी दप्तरं वाचणाऱ्या एका गृहस्थांना ती दाखवली. त्यांनी पान उलटायच्या आधीच विचारलं, "मूळ कागदावर असंच आहे का हो?" मी गप्प. त्या पावसाळ्यात पेटीला ओल लागून पत्राची घडी चिकटली होती आणि नेमकी नावाची ओळ गेली होती. शेवटचं अक्षर 'ड' होतं की 'र', हे आज मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

छापखान्यात जिला आपण चूक म्हणतो, ती या कामात साक्ष असते. पूर्वी लिहिणारा कानावर पडलं तसं लिहायचा, म्हणजे त्या काळी नाव कसं म्हणत होते हे त्या 'अशुद्ध' रूपातच सापडतं. खुद्द शेक्सपिअरच्या सहा सह्या शिल्लक आहेत आणि त्यांतही स्पेलिंग सारखं नाही. माझ्या हातात त्या आल्या असत्या तर मी त्याही दुरुस्त केल्या असत्या.

आजच्या रूपावरून अर्थ काढला की काय होतं, याचा मासला पाहा. इंग्रजीतलं 'लाँगबॉटम' ऐकून पोरं हसतात. पण त्यातला 'बॉटम' म्हणजे दरीचा तळ, आणि आडनाव म्हणजे लांब दरीतला माणूस. डच लोकांत 'नाक्तखेबोरेन' असं आडनाव आहे, सरळ अर्थ 'नागडा जन्मलेला'. त्याची गोष्टही तयार आहे : १८११ मध्ये नेपोलियनने आडनावं नोंदवायला लावली तेव्हा लोकांनी थट्टा म्हणून असली नावं दिली म्हणे. प्रत्यक्षात ते आडनाव त्याआधीच्या कागदांत सापडतं, आणि अभ्यासक ते जर्मन 'नाखगेबोरेन'वरून आलं असं मानतात. म्हणजे मागाहून, बाप गेल्यावर जन्मलेला. एका अक्षराच्या फरकाने पोरक्या मुलाचा विनोद झाला.

गावावरून किंवा देशावरून पडलेलं आडनावही बहुधा ते ठिकाण सोडल्यावर पडतं. आयर्लंडमध्ये वॉल्श पुष्कळ, अर्थ वेल्सकडचा माणूस. वेल्समध्ये सगळेच वेल्सचे, तिथे हे नाव पडून ओळख काय पटणार?

जर्मन श्मिट, हंगेरियन कोवाच, अरबी हद्दाद, फ्रेंच लफेव्र, सगळे लोहारच. म्हणून ते एकमेकांचे भाऊबंद होत नाहीत. एकाच गावातले दोन श्मिटसुद्धा नसतील.

आणि काही आडनावांमागे पूर्वजाचा पराक्रम सोडा, धंदाही नसतो, नुसता सरकारी हुकूम असतो. फिलिपिन्समध्ये १८४९ साली गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची छापील यादीच गावोगाव पाठवली. जपानमध्ये १८७५ मध्ये आडनाव सक्तीचं झालं, तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने. अशा घराण्याला 'शूर' असा अर्थ सांगून चौकटीतलं प्रमाणपत्र विकणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटतं.

आणखी एक. दोष कारकुनाच्या माथी मारायची आपल्याला फार हौस. आमच्या घरी 'शाळेतल्या मास्तरांनी आडनाव चुकवलं' असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. अमेरिकेत गेलेल्या कित्येक कुटुंबांतही 'एलिस बेटावरच्या (न्यूयॉर्क बंदरातलं हे बेट, तिथे स्थलांतरितांची तपासणी होई) अधिकाऱ्याने आमचं नाव बदललं' ही कथा आहे. पण तिथले अधिकारी जहाज कंपनीने आणलेल्या यादीशी नाव ताडून बघत, आणि ती यादी प्रवास सुरू होतानाच भरलेली असे. पुढे बरेच जण आपणहून नाव बदलत. आमच्या मास्तरांवरचा आरोप मी सध्या मागे घेतला आहे.

तेव्हा विनंती एवढीच. पुन्हा असा लेख छापाल तर आडनावापुढे त्याचं सापडलेलं सर्वांत जुनं रूप, साल आणि कागद कोणता, हे द्या. ते नसेल तिथे 'उत्पत्ती अनिश्चित' असं छापायला लाजू नका, चांगले कोशकारही तसंच लिहितात. ज्या वाचकांना घरचा शोध घ्यायचा आहे त्यांनी स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जावं, मधली उडी मारू नये. कागदाचा आधी मोबाईलवर फोटो काढावा, मग मजकूर अक्षर न् अक्षर उतरवावा, आणि आपला अंदाज बाजूला पेन्सिलीने लिहावा. शाईने नको.

माझ्या वहीत त्या पत्राच्या नोंदीसमोर आता प्रश्नचिन्ह आहे. नोकरीत दुसऱ्यांच्या मजकुराच्या समासात अशी हजारो टाकली असतील. स्वतःच्या आडनावापुढे हे पहिलंच.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक