कॉलेज चालवणाऱ्यांच्या कारभाराचीही परीक्षा व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१३ च्या योजनेमुळे चालू महाविद्यालयांतच कम्युनिटी कॉलेजचे प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम सुरू करण्याची सोय झाली. शिक्षण परिसरातील उद्योगांच्या गरजेशी जोडलेले असावे आणि कारभारातही त्या उद्योगांना स्थान असावे, हा त्यामागील हेतू होता. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्या (धातू ओतकामाचे कारखाने), खानापूरचे कुंभारकाम, निपाणीची तंबाखू आणि चिकोडी-अथणीकडील साखर कारखाने पाहता आपल्या बेळगाव जिल्ह्यात तो सहज साधावा. तो साधला की नाही हे ठरवताना मात्र कॉलेज चालवणाऱ्यांचा कारभार केवळ कागदावर तपासला जातो.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या पद्धतीतील सात निकषांपैकी सहावा निकष प्रशासन, नेतृत्व व व्यवस्थापनाचा असून त्याला १,००० पैकी १०० गुण आहेत. निकष रास्तच आहे. पण त्याचा पुरावा म्हणजे मुख्यत्वे इतिवृत्ते, ठराव आणि परिपत्रके. माझ्या माहितीतील एका महाविद्यालयाच्या सल्लागार मंडळावर एका फौंड्रीमालकाचे नाव होते. नॅकच्या समितीच्या भेटीची तारीख ठरताच शिपाई वही घेऊन उद्यमबागेत गेला आणि मागील सर्व बैठकांच्या सह्या एकाच बैठकीत, एकाच पेनाने घेऊन आला. वहीत बोट ठेवायला जागा उरली नाही. त्या गृहस्थांना मोल्डिंगसाठी (साचेकामासाठी) शिकलेली माणसे मिळत नव्हती आणि कॉलेजात टॅलीचे, म्हणजे संगणकावरील हिशेबाचे वर्ग भरत होते, याची नोंद मात्र कोणत्याच इतिवृत्तात नाही.

विद्यार्थ्यांना विचारले जात नाही असे नाही. परंतु नॅकच्या याच पद्धतीतील विद्यार्थी समाधान सर्वेक्षण दुसऱ्या निकषात, म्हणजे अध्यापनाच्या सदरात मोडते. प्राचार्य भेटतात का, दिलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले, हे त्यात फारसे येत नाही. कॉलेजने स्वतः वाटलेला अभिप्रायाचा फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असला, तर मराठी माध्यमातून आलेली खेड्यातील मुलगी ‘उत्तम’च्या रकान्यात ओळीने खुणा करून मोकळी होते. (मी तिला दोष देणार नाही.) ज्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची असते, त्या अतिथी व्याख्यात्यांनी प्राचार्यांच्याच टेबलावर मोकळे मत लिहून द्यावे, ही अपेक्षाही भाबडी आहे.

शिवाय नेतृत्व म्हटले की सगळ्यांचे बोट प्राचार्यांकडे जाते. खासगी संस्थांत नेमणुका, खरेदी आणि कोणता अभ्यासक्रम ठेवायचा हे पुष्कळदा संस्थाचालक ठरवतात व प्राचार्य सही करतात. तेव्हा अध्यक्ष आणि सचिवांना वगळून केलेले मूल्यमापन अर्धवटच राहणार.

राणी चन्नम्मा विद्यापीठाने निदान आपल्या संलग्न महाविद्यालयांपुरती तरी सुरुवात करावी. संलग्नतेच्या तपासणीसाठी समिती येतेच. तिने कन्नड, मराठी व इंग्रजीतील निनावी प्रश्नावली विद्यार्थी, अतिथी व्याख्याते आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांकडून स्वतः भरून घ्यावी, मंडळावरील उद्योजकांना कॉलेजच्या माघारी फोन करावा आणि आलेला निष्कर्ष कॉलेजच्या संकेतस्थळावर जाहीर करण्याचे बंधन घालावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, खानापूर