ड्रॅगन आणि घडियाल : खरी काळजी कुणाची?

संपादक साहेब, नमस्कार. दुर्मीळ प्राण्यांचा विषय निघाला की लगेच कोमोडो ड्रॅगनचा फोटो, ठीक आहे, आहेच तो भारी, इंडोनेशियाच्या बेटांवरची तीन मीटरची घोरपड म्हणा ना, पण आपला घडियाल, म्हणजे नद्यांमधली लांब निमुळत्या तोंडाची मगर, त्याच्याहून लांब असतो आणि जास्त संकटात पण आहे, हे कुणी सांगतच नाही. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत कोमोडोला २०२१ मध्ये ‘संकटग्रस्त’ ठरवलं, घडियाल २००७ पासूनच त्याच्या वरच्या, म्हणजे ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे.

दोघांचा संसार बघा कसा उलटा. कोमोडोची पिल्लं अंड्यातून निघाली की सरळ झाडावर चढतात, कारण खाली मोठे ड्रॅगन त्यांनाच खातात. इकडे चंबळ नदीमध्ये घडियालचा नर, नाकाच्या टोकावर मडक्यासारखा तो गोळा, पाण्यात पहारा देतोय आणि पिल्लं त्याच्या डोक्यावर-पाठीवर दाटीवाटीने बसलेली! शंभरावर दात, पण खातो मासे, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. जमिनीवर तर मोठ्या घडियालला धड चालताही येत नाही, पोटावर सरकतो.

कोमोडोच्या बेटांना चढत्या समुद्राची भीती, ती एका दिवसात थांबणारी नाही. घडियालचं तसं नाही हो. तो वाळूच्या काठावर अंडी घालतो आणि तीच वाळू आपण ट्रक भरभरून उपसतोय, वर धरणं आणि मासेमारीची जाळी आहेतच. निदान अंड्यांच्या दिवसांत, मार्च ते जून, तरी उपसा पूर्ण बंद ठेवा की.

– एक वाचक